बायोडाटातली दोन वर्षं

पूर्वी नोकरीसाठी अर्ज करत. फुलस्केप कागद, मार्कशीटच्या ट्रू कॉपीज आणि शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहून सही. मग बायोडाटा आला, आता रेझ्युमे. त्यातून ‘आपला विश्वासू’ तेवढं गळालं.

मला बरं लिहिता येतं, अशी समजूत असल्यामुळे मोहल्ल्यातली मुलं आपले कागद तपासायला माझ्याकडे आणतात. (माझ्या कवितासंग्रहांसाठी इतकी माणसं कधी दारात आली नाहीत!) या कागदांत इंग्रजी नेहमी ‘अस्खलित’ असतं. टॅली येतं, म्हणजे क्लासला आठवडाभर गेलेला असतो. एटीकेटीत अडकलेले दोन विषय ‘पदवीधर’ या शब्दाखाली गुपचूप सरकवलेले असतात. छंद : वाचन. शेवटचं कोणतं पुस्तक वाचलंस, असं विचारलं की मुलगा पंख्याकडे बघतो.

एका मुलाची बारावीनंतरची दोन वर्षं रिकामी होती. वडील आजारी पडले आणि हा त्यांच्या भंगाराच्या दुकानात बसला. ते लिहायची त्याला लाज वाटत होती. तिथं त्यानं एका कंपनीतली सेल्समनची नोकरी टाकली होती, ओळखीच्या माणसाचं सर्टिफिकेटही मिळणार होतं. मी विचारलं, “दुकानात काय करायचास?” म्हणाला, “काही नाही चाचा. माल तोलायचा, पितळ-तांबं वेगळं करायचं, रोजचा भाव काढायचा, उधारी वसूल करायची, वही लिहायची.” मी म्हटलं, “बाबा, हेच लिही. सेल्समनच्या ओळीत यातलं काय आहे?” बराच वेळ वाद घालून त्यानं ते लिहिलं. खोटं लिहिणारे सगळेच काही लबाड नसतात. पुष्कळांना आपल्या खऱ्या आयुष्याची किंमतच कुणी सांगितलेली नसते.

खोट्या ओळीची अडचण अशी, की नोकरी मिळाल्यावरही ती पुसता येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत मॅरिली जोन्स १९७९ साली नोकरीला लागल्या. पुढे त्या प्रवेश विभागाच्या प्रमुख झाल्या. मुलांच्या प्रवेशाविषयी पालकांना सल्ला देणारं पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. काम चांगलं होतं, नाव होतं. पण सांगितलेल्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्या. २००७ साली, तब्बल २८ वर्षांनी, ते उघड झालं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला.

आता तर इतकी वर्षंही लागत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरून माणूस कुठं किती महिने कामाला होता ते दिसतं. सरकारी नोकरीत साक्षांकन नमुना भरावा लागतो. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्यात अटक, खटला, शिक्षा, निर्दोष सुटका, काहीही लपवू नये. बाब किरकोळ असेल तर नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो. मात्र सगळं खरं सांगितलं म्हणून नेमणूक दिलीच पाहिजे, असंही नाही. खऱ्याला हमी नाही, हे मुलांना मी आधीच सांगतो.

कारण एका मुलीनं मला विचारलं होतं, “चाचा, पूर्ण नाव न लिहिता नुसती आद्याक्षरं लिहिली तर चालेल?” तिच्या कागदात खोटं एक अक्षर नव्हतं. तरी तिला नावाचीच धास्ती होती. ती उगीच नव्हती. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना उत्तर म्हणून चार हजारांहून जास्त अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी, नावं वेगळी. २००७ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की उच्चवर्णीय नावापेक्षा दलित नावाला बोलावणं कमी येत होतं आणि मुस्लिम नावाला त्याहून कमी.

मी तिला म्हटलं, आद्याक्षरं लिहिणं खोटं नाही, खुशाल लिही. तिनं रात्रभर विचार केला आणि पूर्ण नाव लिहिलं.

ज्यांच्या टेबलावर असे कागद येतात, असे काही जण आज हे ऐकत असतील. त्यांनी एकदा तरी नावावर पट्टी ठेवून पहिली चाळणी करून पाहावी. त्याला खर्च काही येत नाही.