उन्हाळ्यात शेळी जपा



शेळी म्हणजे गरिबाची गाय. घरात अडचण आली की तिचाच आधार.

आपल्या सिंधुदुर्गात कोकण कन्याळ जातीची शेळी आहे. तिच्या तोंडावर दोन पांढरे पट्टे असतात. ती काटक आहे. तरी उन्हाळा तिलाही बाधतो.

मालवणात विदर्भाइतके ऊन तापत नाही. पण समुद्राकाठची हवा दमट. अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. मग शेळी धापा टाकते, चारा कमी खाते.

तिच्या अंगात काय होतं, बघा. शरीर बारीक पेशींचे बनलेले आहे. पेशीत जनुके असतात. पेशीने काय तयार करायचे, ते जनुकांवरून ठरते. उष्णता वाढली की काही जनुके जोरात कामाला लागतात. पेशीला सांभाळणारी प्रथिने तयार होतात. रोगाशी लढणाऱ्या जनुकांचे कामही बदलते. घराला आग लागली की सगळे पाणी आणायला धावतात. मग दारावर राखण कोण करणार? तसंच हे. बरेच दिवस ताप सोसला की शेळीची रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. मागोमाग पाऊस येतो, रोगही येतात.

मग करायचं काय? दुपारी १२ ते ४ शेळी सावलीत बांधा. गोठ्यात वारा खेळू द्या. छपरावर झावळ्या घाला. स्वच्छ पाणी सतत समोर ठेवा. चरायला सकाळ-संध्याकाळ न्या. पावसाळ्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आंत्रविषाराची लस टोचून घ्या. तीही सकाळच्या गारव्यात.

यात पैसा थोडा लागतो. शेळी मात्र वाचते.