थकलेल्यांचा हिशेब
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी प्रशासकाने जमाखर्च, खाटांची संख्या आणि नव्या यंत्रसामग्रीचा तपशील सादर करावा, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. तो तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आपल्या अनुमतीने आम्ही एका शब्दाविषयी बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे थकवा.

त्याचे निमित्त सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत एका परिचारिकेने एका रुग्णाच्या औषधाची नोंद दुसऱ्याच्या कागदावर केली. सुदैवाने तिच्या सहकारी भगिनीच्या ते वेळीच ध्यानात आले आणि रुग्णास कोणताही अपाय झाला नाही. नियमानुसार आम्ही लेखी खुलासा मागविला. खुलाशात एकच वाक्य होते : ‘मी थकले होते.’ त्यावर ‘खुलासा समाधानकारक नाही’ असा शेरा मारून आम्ही तो कागद परत पाठविला.

तो कागद घेऊन आमच्या तेव्हाच्या मेट्रनबाई दालनात आल्या. त्या ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या. बायबलचे नित्य वाचन करणाऱ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, आमच्या शास्त्रात थकण्याला एकच शब्द नाही, पुष्कळ आहेत. ही मुलगी त्यांतल्या कोणत्या अर्थाने थकली, हे आपण विचारले नाहीत.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिब्रू आणि ग्रीक या भाषा आम्हांस अवगत नाहीत. तथापि पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रिया व मुलींचा भार वाहत असताना या दोन्ही भाषा आत्मसात केल्या आणि मूळ ग्रंथांवरून बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे स्मरल्यावर ‘वेळ नाही’ असे म्हणण्याचा धीर आम्हांस झाला नाही. कोश आणि भाष्यग्रंथ यांच्या आधाराने जे थोडेफार उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम इंग्रजी घेऊ, कारण आमच्या कचेरीची भाषा बव्हंशी तीच आहे. ‘वेअरी’ हा जुन्या इंग्रजीतील शब्द; कोशकार त्याचे नाते भटकणे, अडखळत चालणे या अर्थाच्या एका प्राचीन क्रियापदाशी जोडतात. ‘वेअर’ म्हणजे झिजणे, हा शब्द दिसायला त्याच्यासारखा असला तरी त्याचे कूळ निराळे आहे. ‘एक्झॉस्टेड’ हा लॅटिनमधून आलेला; त्याच्या मुळाशी पाणी उपसून काढण्याची क्रिया आहे. एक वाट चुकलेला प्रवासी आणि एक उपसलेली विहीर, अशी ही दोन चित्रे आहेत.

तिसरा शब्द अलीकडचा आणि आपल्या क्षेत्राशी थेट संबंध असलेला आहे : ‘बर्नआउट’, म्हणजे जळून विझणे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात, दिवसभराचा स्वतःचा व्यवसाय आटोपून, सेवाभावाने काम करीत. तेथील कार्यकर्त्यांची आणि स्वतःची झालेली अवस्था पाहून त्यांनी १९७४ मध्ये या शब्दावर आपला प्रबंध लिहिला. धर्मादाय वैद्यकीय सेवेतील मंडळींच्या थकव्यावरूनच हा विषय संशोधनाच्या कक्षेत आला, ही गोष्ट आपण सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात त्याची नोंद ‘आजार’ म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था, अशी ती आहे. तेव्हा तिचे उत्तर केवळ थकलेल्या माणसाकडे मागून भागत नाही. ज्याने काम वाटले, त्याच्याकडेही ते मागावे लागते.

आता हिब्रूकडे वळू. तेथे तीन शब्द प्रामुख्याने भेटतात. पहिला ‘यागा’, म्हणजे कष्टणे आणि कष्टून थकणे. याच धातूपासून ‘येगीया’ हे नाम होते. त्याचा अर्थ श्रम असा आहे आणि श्रमाचे फळ, म्हणजे कमाई, असाही आहे. हिशेबनिसाला हा शब्द फार मोलाचा वाटला. आमच्या खतावणीत श्रम एका पानावर आणि उत्पन्न दुसऱ्या पानावर असते. हिब्रू भाषेने दोन्ही एकाच शब्दात ठेवले आहेत.

दुसरा शब्द ‘आयेफ’ आणि त्याच्याच जवळचा ‘याएफ’. हा गळून गेलेला, भोवळ आलेला थकवा. पाण्याविना तडकलेल्या जमिनीलाही स्तोत्रांमध्ये ‘आयेफ’ म्हटले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील एसाव रानातून परत आला तो याच अवस्थेत, आणि त्या घडीला त्याने मसुरीच्या आमटीसाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क भावाला देऊन टाकला. गळून गेलेल्या माणसाला हातातील वस्तूचे मोल कळत नाही, एवढे तरी या कथेवरून दिसते. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात ईश्वर थकत नाही असे सांगताना हे दोन्ही धातू जोडीने येतात. ख्रिस्तपूर्व काळात त्या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा भाषांतरकारांनी तेथे ‘याएफ’साठी चक्क भुकेचा शब्द योजला. थकवा आणि उपाशी पोट ही त्यांना इतकी जवळची वाटली असावीत.

तिसरा शब्द ‘लाआ’. हा अंगाचा थकवा नव्हे; सोसण्याची सीमा संपणे, उबग येणे, असा त्याचा भाव आहे. यशयाच्या पहिल्याच अध्यायात, अन्याय करणाऱ्यांनी थाटात साजरे केलेले सण सोसून ईश्वर थकला आहे, असे म्हणताना हाच धातू आला आहे. चाळिसाव्या अध्यायात न थकणारा ईश्वर येथे मात्र थकतो. श्रमाने न थकणाराही ढोंगाने थकतो, असा त्याचा अर्थ आम्ही लावला.

शब्दांइतक्याच त्या ग्रंथातील उपाययोजनाही विचार करण्यासारख्या आहेत. एलीया हा संदेष्टा जिवाच्या भीतीने अरण्यात पळून जातो, एका झुडुपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही, खुलासाही मागत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी असते. तो खातो, पुन्हा झोपतो. त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले जाते. पुढच्या प्रवासाची गोष्ट त्यानंतरची आहे.

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसे. त्याचे सासरे इथ्रो यांनी ते पाहून त्याला सावध केले. त्यांनी वापरलेले क्रियापद पान कोमेजण्याचे आहे : तूही कोमेजशील आणि तुझे लोकही. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमून काम वाटून देण्याचा सल्ला त्यांनी दिला. कामाच्या वाटणीचा असा स्पष्ट सल्ला आम्ही वाणिज्याच्या पुस्तकात वाचला होता. तो इतका जुना असेल याची कल्पना नव्हती.

आणि दावीदाची कथा. शत्रूने बायकामुले पळवून नेली म्हणून तो सहाशे माणसांनिशी पाठलागावर निघाला. बसोर ओढ्याशी दोनशे जण इतके गळाले की त्यांना ओढा ओलांडवेना. ते सामानापाशी थांबले. येथील हिब्रू धातू प्रेत या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, इतका तो थकवा पराकोटीचा होता. विजयानंतर काहींनी मागे राहिलेल्यांना लुटीचा वाटा नाकारला. दावीदाने निवाडा दिला की, लढणारा आणि सामान राखणारा यांना सारखाच वाटा मिळेल. आणि तो इस्राएलात कायमचा नियम झाला.

ग्रीकमध्ये, म्हणजे नव्या करारात, मुख्य शब्द ‘कोपोस’. तो मारणे, घाव घालणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे; घावांनी ठेचून निघाल्यासारखे श्रम, असा त्याचा भाव. योहानाच्या शुभवर्तमानात येशू प्रवासाने दमून याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो, तेथे याच कुळातील शब्द आहे. ज्यांना मराठी बायबल ‘कष्टी’ म्हणते, त्यांच्यासाठीही तोच. दुसरा शब्द ‘एक्लुओ’, म्हणजे ताणलेले सैल पडणे. उपाशी जनसमुदायाला तसेच घरी पाठविले तर लोक वाटेत गळून पडतील, असे येशू म्हणतो तेव्हा हा शब्द येतो. आणि सत्कर्म करताना खचू नका असे गलतीकरांस सांगतानाही येतो.

परंतु आम्हांस सर्वांत अंतर्मुख केले ते ‘कामनो’ या क्रियापदाने. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात त्याचा अर्थ थकणे असा होतो आणि याकोबाच्या पत्रात तोच शब्द आजारी माणसासाठी येतो. एकाच शब्दात खाटेवरचा रुग्ण आहे आणि खाटेशेजारी उभी राहून थकलेली व्यक्तीही आहे. आमच्या नोंदवहीत मात्र त्यांपैकी एकाचेच नाव लिहिले जाते.

मराठीही याबाबतीत दरिद्री नाही. दमणे, भागणे, शिणणे, श्रांत, क्लांत, उबग, वीट अशी तिची श्रीमंती आहे. त्यातच आमच्या रोजच्या वापरातला एक शब्द आहे : थकबाकी. माणूस थकतो तसे भाडे थकते, पगार थकतो. देणे वेळेवर न दिले की ते थकते. आमच्या ताळेबंदात क्ष-किरण यंत्रावर दरवर्षी घसारा मांडला जातो, कारण यंत्र झिजते हे आम्हांस मान्य आहे. माणसाच्या विसाव्याचे देणे मात्र आम्ही कोठेच मांडले नव्हते. ती थकबाकी वाढत होती.

आम्ही त्या परिचारिकेला बोलावून घेतले आणि या वेळी निराळा प्रश्न विचारला : शेवटची साप्ताहिक सुट्टी कधी झाली? रजेवरील सहकाऱ्यांच्या पाळ्या ती सलग करीत होती. त्या पाळ्यांच्या तक्त्यावर आमचीच स्वाक्षरी होती. चूक तिच्या हातून झाली, ही नोंद कायम आहे, कारण औषधाच्या बाबतीत दयेपोटी डोळेझाक करता येत नाही. परंतु तो शेरा आम्ही खोडला आणि खाली लिहिले : ‘जबाबदारी प्रशासनाचीही.’ तेव्हापासून सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा घातली आणि रात्री गरम जेवणाची सोय केली. मेट्रनबाई एवढेच म्हणाल्या, “एलीयाला भाकर मिळाली, साहेब.”

देणगीदारांना आमची एक नम्र विनंती आहे. यंत्रासाठी दाता मिळतो, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. बदली परिचारिकेच्या वेतनावर किंवा रुग्णाच्या आईला रात्री पाठ टेकता यावी अशा खोलीवर पाटी फारशी उठून दिसत नाही. तरीही पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात या दोन बाबींसाठी आम्ही स्वतंत्र निधी प्रस्तावित केला आहे. विश्वस्त मंडळाने त्यास मान्यता द्यावी आणि आपण हातभार लावावा, ही प्रार्थना.

रुग्णांच्या आप्तांना एवढेच सांगावयाचे आहे की, जिवलगाची शुश्रूषा करताना मनात ‘आता पुरे झाले’ असा विचार आला, तर त्याचा अपराध मानू नये. प्रेम आटल्याची ती खूण नव्हे. आपण सामानापाशी थांबलेले आहात, आणि रुग्ण बरा होऊन घरी जातो त्या दिवशीच्या आनंदात आपला वाटा सारखाच आहे. रात्रपाळीच्या भगिनींना निःसंकोच सांगा. थोडा वेळ आम्ही बसू, आपण झोपा.