पैशाला नाव असतं

रुपया कुणाच्याही खिशात गेला तरी शंभर पैशांचाच. हे शाळेतलं गणित. मनाचं गणित वेगळं. पगारातली पाचशेची नोट मोडताना हात थांबतो. तीच नोट अचानक बक्षीस म्हणून मिळाली, तर संध्याकाळपर्यंत उडते.

रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं मनातल्या या हिशोबाचा अभ्यास केला. २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या अम्मीला थेलर कुठून ठाऊक असणार? पण तिच्या मांडणीवर हे शास्त्र डब्यांतून मांडलेलं होतं. चहाच्या डब्यात किराण्याचे पैसे, डाळीच्या डब्यात आमच्या फीचे, कपड्यांच्या पेटीत तळाशी बहिणीच्या लग्नाचे. एखाद्या ईदला नवे कपडे झाले नाहीत, पण फीच्या डब्याला हात लागला नाही. मी बी.ए. झालो तो त्या डब्यावर. पैशाला नाव दिलं की तो मोडायला मन धजत नाही.

पण याच सवयीची दुसरी बाजूही आहे. आमच्या गल्लीत एकानं मुलीच्या लग्नाचे पैसे मोडायचे नाहीत म्हणून आजारपणात शेकडा तीन रुपये महिन्यानं कर्ज काढलं. म्हणजे वर्षाला ३६ टक्के! पेटीतले पैसे शाबूत राहिले आणि बाहेर व्याज वाढत गेलं. शिवाय पेटीतला पैसाही आतून झिजतो. महागाई वर्षाला ७ टक्के असेल, तर दहा वर्षांत त्याची किंमत जवळपास निम्मी होते. डबा मात्र भरलेलाच दिसतो.

थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यात कामगारांपुढे एक योजना ठेवली. आज पगारातून काही कापायचं नाही, पण पुढची पगारवाढ झाली की तिचा एक भाग आपोआप बचतीत जाईल. योजनेत सामील झालेल्यांची सरासरी बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हाती आलेलं सोडणं जड जातं. जे अजून हाती आलेलंच नाही, ते सोडणं सोपं असतं.

तेव्हा मित्रहो, पैशाला नाव जरूर द्या. शिक्षणाचं, म्हातारपणाचं, आजारपणाचं. पगाराच्या दिवशीच तो पोस्टात किंवा बँकेत परस्पर कापून जाऊ द्या. मात्र दारात सावकार उभा असेल, तर डब्यावरचं नाव क्षणभर विसरा आणि आधी त्याला मोकळं करा. लग्नाचा डबा पुन्हा भरता येतो.