पाच सेंटची निळी पुस्तकं आणि आपली बत्तीस पानं

(तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातला सूर तसाच ठेवला आहे.)



मला बोलावताना पोरांनी सांगितलं, सर, सीमाप्रश्नावर बोला. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, १ नोव्हेंबरच्या फेरीत दरवर्षी ऐकताच की. मी आज स्वस्त पुस्तकांवर बोलणार. तोंडं वाकडी करू नका, गाडी शेवटी आपल्याच गावात येणार आहे.

आधी माझीच एक फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहाजण एका सरकारी कचेरीत निवेदन घेऊन गेलो होतो. मागणी साधी, मराठी भाषकांना परिपत्रकं मराठीतून द्या. साहेबांनी निवेदन पूर्ण वाचलं, चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "हे कशाच्या आधारावर मागताय?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. घोषणा पाठ, हुतात्म्यांची नावं पाठ, आधार मात्र कुणालाच सांगता येईना. साहेब उर्मट असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांनी खरोखरच माहिती म्हणून विचारलं होतं. बाहेर येऊन चहाच्या गाड्यावर उभे राहिलो, कुणी कुणाशी बोललं नाही.

मग मी शोधायला लागलो. जे मिळालं ते जाडजूड इंग्रजीत. पंधरा-वीस रुपयांत, खिशात मावेल असं, मराठीतलं काही पुस्तक हाताला लागलं नाही. तेव्हापासून एकच विचार डोक्यात बसलाय. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत ज्ञानाची पुस्तकं एकामागून एक काढणं, हे जगात कुणी केलं आणि कसं केलं?

त्या शोधात मला एक गाव सापडलं. जिरार्ड, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात. वस्ती तीनेक हजार. भोवती शेती आणि कोळशाच्या खाणी. न्यूयॉर्क कुठं, बॉस्टन कुठं, आणि हे कुठं! पुस्तकाच्या धंद्याच्या दृष्टीनं म्हणाल तर अगदी सीमेवरचं गाव. आणि या गावातून १९१९ पासून पुढच्या तीस वर्षांत कोट्यवधी पुस्तकं बाहेर पडली. नावं जवळजवळ दोन हजार, प्रती तीस कोटींच्या पुढं. 'लिटल ब्लू बुक्स' म्हणतात त्यांना. साडेतीन इंच बाय पाच इंच, म्हणजे आपल्या शर्टाच्या खिशात बसतील. बहुतेक ६४ पानांची, मधोमध पिन मारलेली, निळसर कागदाचं साधं मुखपृष्ठ. किंमत सुरुवातीला २५ सेंट, मग उतरत उतरत पाच सेंट.

हे करणारा माणूस इमॅन्युएल ज्युलियस. फिलाडेल्फियातल्या एका बुकबाइंडरचा मुलगा, आईबाप रशियाच्या राज्यातल्या ओडेसाकडून आलेले ज्यू. घरची परिस्थिती बेताची. पोरवयात त्यानं दहा सेंटला ऑस्कर वाइल्डच्या एका दीर्घ कवितेची पुस्तिका घेतली आणि कडाक्याच्या थंडीत बागेतल्या बाकड्यावर बसून ती शेवटपर्यंत वाचली. हात गारठले, पण उठवेना. तेव्हा मनात आलं, अशी पुस्तकं दहा सेंटला सगळ्यांनाच मिळाली तर? पुढं तो पत्रकार झाला. जिरार्डमध्ये मार्सेट हॉल्डमन नावाच्या बँकवाल्या घरातल्या बाईशी लग्न केलं आणि दोघांनी आडनावं जोडून घेतली, हॉल्डमन-ज्युलियस. (१९१६ मध्ये! आपल्याकडं आजही कुणी केलं तर गावभर चर्चा होते.)

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. जिरार्डमध्ये 'अपील टू रीझन' नावाचं समाजवादी साप्ताहिक निघायचं. एके काळी त्याचा खप पाच लाखांच्या वर होता. अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' पहिल्यांदा त्यातच क्रमशः आली, १९०५ मध्ये. पहिल्या महायुद्धानंतर चळवळीला ओहोटी लागली, साप्ताहिक उतरणीला लागलं आणि हॉल्डमन-ज्युलियसनं ते छापखान्यासकट विकत घेतलं. म्हणजे त्याच्या हातात दोन गोष्टी आल्या. एक, रिकामं बसलेलं मोठं छपाईयंत्र. दुसरी, वर्गणीदारांच्या नावपत्त्यांची यादी, पावणेदोन लाखांची. त्यानं त्या यादीला पत्र धाडलं, पाच डॉलर आगाऊ पाठवा, पन्नास पुस्तिका छापून धाडतो. पुस्तिका अजून छापलेल्याच नव्हत्या! पाच हजार लोकांनी पैसे पाठवले. त्या पैशातून मालिका उभी राहिली.

दमलेल्या चळवळीची वहीसुद्धा अशी कामाला येते बघा. आपल्याकडं घरोघरी जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे पडलेत. वर्गणीदार, सभासद, सत्याग्रहींच्या याद्या. त्यांच्याकडं आपण फक्त आठवण म्हणून बघतो.

विक्री सगळी टपालानं. तो वर्तमानपत्रात पानभर जाहिरात द्यायचा. त्यात चित्र नाही, बडबड नाही, नुसती पुस्तकांची नावं आणि पुढं क्रमांक. तुम्ही क्रमांक लिहून पाठवायचे, एका डॉलरला वीस पुस्तकं. दुकानाची पायरी चढायला नको, दुकानदारापुढं लाजायला नको. खेड्यातला शेतकरी, खाणकामगार, घरात अडकलेली बाई, कुणाला काय वाचायचंय ते कुणाला कळायचं नाही. कादंबरीकार लुई लामूर पोरवयात शाळा सोडून कामाच्या शोधात मुलूखभर हिंडत होता. आपल्या शिक्षणाबद्दल लिहिताना त्यानं या निळ्या पुस्तकांचा उल्लेख केलाय.

आणि त्यात काय नव्हतं? शेक्सपिअर, प्लेटो, डार्विनचा सिद्धान्त सोपा करून, व्याकरण, स्वच्छता, संततिनियमन, कायदा, धर्मचिकित्सा. बर्ट्रांड रसेलचं ख्रिस्ती धर्म का मानत नाही यावरचं भाषण अमेरिकेत या मालिकेतूनही आलं.

पण माणूस देवमाणूस नव्हता. पक्का धंदेवाला. वर्षाला ठरावीक प्रती खपल्या नाहीत तर पुस्तक 'हॉस्पिटल'मध्ये जायचं, हा त्याचाच शब्द. तिथं त्याचं नाव बदललं जायचं. शोपेनहॉवरचा वादविवादाच्या कलेवरचा निबंध खपेना, तर नाव ठेवलं 'तर्कशुद्ध वाद कसा घालावा', आणि चालायला लागला. इथवर ठीक. पण फ्रेंच लेखक गोतिए याची 'सोनेरी लोकर' नावाची गोष्ट वर्षाला ६,००० खपायची, तिचं त्यानं केलं 'सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध', खप ५०,००० वर. आतला मजकूर तोच. हे आजच्या युट्यूबच्या थंबनेलसारखंच झालं की! मला हे आवडत नाही. तरीपण त्याचा एक धडा घेण्यासारखा आहे. आपल्या मराठी वैचारिक पुस्तकांची नावं बघा, 'अमुक : एक चिकित्सक अभ्यास'. दारावरच पाटी लावलेली, आत येऊ नका.

त्याच्या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात मोलाची वाटते ती विल ड्युरांटची गोष्ट. ड्युरांट तेव्हा न्यूयॉर्कमध्ये लेबर टेंपल नावाच्या ठिकाणी कामगारांना संध्याकाळी तत्त्वज्ञान शिकवायचा. एका रविवारी हॉल्डमन-ज्युलियस रस्त्यानं चालला होता. पाटी वाचली, आज प्लेटोवर व्याख्यान. आत जाऊन बसला. गावी परतल्यावर पत्र लिहिलं, ते भाषण लिहून द्या, पुस्तिका काढतो. ड्युरांट म्हणाला, वेळ नाही. याचं दुसरं पत्र आलं, त्यात मानधनाचा चेक आधीच घातलेला. झालं, प्लेटो लिहून झाला. मग ॲरिस्टॉटल. करता करता अकरा पुस्तिका झाल्या. त्याच एकत्र करून १९२६ मध्ये 'द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी' हे जाड पुस्तक निघालं आणि इतकं खपलं, की ड्युरांटनं शिकवणं सोडून उरलेलं आयुष्य संस्कृतींचा इतिहास लिहिण्यात घातलं. हाच ड्युरांट पुढं भारतात आला आणि इथली दैना बघून १९३० मध्ये 'द केस फॉर इंडिया' लिहून गेला.

म्हणजे आधी होते ते समोर बसलेले कामगार. त्यांना कळेल असं बोलणं. त्या बोलण्याची पाच सेंटची पुस्तिका. मोठा ग्रंथ सगळ्यांत शेवटी. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं. आधी प्रबंध, मग त्याचा ग्रंथ, मग त्या ग्रंथाची प्रकाशनपूर्व सवलत, आणि लोकांना कळेल अशी पुस्तिका कधीच नाही.

इंग्लंडमध्ये हेच काम वेगळ्या थाटात झालं. ॲलन लेननं १९३५ मध्ये पेंग्विन काढलं, सहा पेन्सला एक पुस्तक. त्याचा हिशोब सोपा होता, सिगारेटच्या दहाच्या पाकिटाएवढी किंमत. १९३७ मध्ये त्यातूनच ज्ञानविषयक पुस्तकांची 'पेलिकन' मालिका निघाली, निळ्या मुखपृष्ठांची. पहिलं पुस्तक बर्नार्ड शॉचं, बायकांना समाजवाद आणि भांडवलशाही समजावून सांगणारं, दोन भागांत. आणि या मालिकेच्या सुरुवातीच्या संपादकांत एक आपला माणूस होता, व्ही. के. कृष्ण मेनन. लंडनमध्ये इंडिया लीग चालवणारा, केरळचा. लेनशी त्याचं फार दिवस जमलं नाही, वर्ष-दीड वर्षात दोघं फाटले. गोव्याकडची मंडळी इथं बसलीत, त्यांना हे नाव वेगळ्या कारणानं ठाऊक असेल. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा देशाचा संरक्षणमंत्री हाच.

आणि बडोदा? तिथं तर आपलीच गोष्ट आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, संस्थानभर मोफत वाचनालयं उभी केली, पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यात फिरवल्या. १९१२ मध्ये गुजराती साहित्य परिषदेच्या बडोद्यातल्या अधिवेशनाच्या वेळी दोन लाख रुपये बाजूला काढले, त्याच्या व्याजातून ज्ञानाची पुस्तकं काढायला. त्यातून श्रीसयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला निघाली. मराठीतही आणि गुजरातीतही. राजा मराठी, रयत बहुतेक गुजराती, आणि त्यानं दोन्ही भाषांचा विचार केला. हे मी मुद्दाम सांगतोय. आपण मराठीत पुस्तिका काढायच्या म्हणजे कन्नडला शिव्या घालायच्या असं कुणाच्या डोक्यात असेल तर त्यानं ते काढून टाकावं. माझ्या शेजारच्या घरात कन्नड बोलतात. दूध आणि भांडी दोन्हीकडची येजा करतात. त्या घरातल्या पोराला आपली बाजू समजावून सांगायची तर आधी आपल्याला ती नीट माहीत पाहिजे.

आता गाडी आपल्या गावात आली.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर मिळालं. राज्यघटनेचं कलम ३५०, तक्रार किंवा गाऱ्हाणं केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. ३५०अ, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्यानं करायचा. ३५०ब, या संरक्षणांवर लक्ष ठेवायला विशेष अधिकारी. ही शेवटची दोन कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली, म्हणजे ज्या वर्षी आपण मैसूर राज्यात गेलो त्याच वर्षी. आणि परिपत्रकांचा आमचा जो प्रश्न होता, त्याला आधार आहे तो त्याच वर्षी सुरू झालेल्या संरक्षण योजनेचा, ती १५ टक्के वस्तीची गोष्ट. एवढं सगळं कळायला मला किती दिवस लागले असतील? नीट लिहिलं तर हे बत्तीस पानांत बसतं. दोन फर्मे.

तुम्ही म्हणाल, सर, आता मोबाईल आहे, रील आहे, पुस्तिका कोण घेतो? बरोबर आहे. पीडीएफ करा, व्हॉट्सॲपवर धाडा, ध्वनिमुद्रण करा, माझी ना नाही. पण कचेरीच्या टेबलावर ठेवायला, पान उघडून बोट दाखवायला कागद लागतो. मोबाईल काढला की साहेब म्हणतात, नंतर या.

मी कुठलं मंडळ काढत नाहीये, अनुदानाची वाटही बघत नाही. अनुदानाच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या संस्था मी लहानपणापासून बघतोय. मला तुमच्यातले चारच पाहिजेत. एकजण वकिलीचं शिकतोय, तो कलमं तपासेल. शेतकी पदवीधर पोरगी मागं बसलीय, तिनं मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत ऊसबिलाचा हिशोब बायकांना इतका सोपा करून सांगितला, की त्याचीच दुसरी पुस्तिका होते. जसं बोललीस तसंच लिही, ताई. पुस्तकी मराठी नको, आपलं बेळगावी असलं तरी चालेल. तिसरी सातबाऱ्यावर आणि तो इथं कन्नडमध्ये आला की काय वाचायचं त्यावर. 'पहाणी' या शब्दापाशी किती म्हातारी माणसं अडतात, माझे वडील अडायचे.

पैशाचं म्हणाल तर जिरार्डवाल्याचाच मार्ग. आगाऊ वर्गणी. जुन्या वहीतली नावं काढू, आजोबांचं नाव असेल तर नातवाला फोन करू.

पहिली पुस्तिका, कलमांची, मी लिहून आणलीय. चौदा पानं हस्तलिखित, पाच झेरॉक्स या टेबलावर आहेत. ज्याला न्यायची त्यानं न्या. जिथं कळलं नाही तिथं खूण करा. पुढच्या रविवारी सकाळी दहाला इथंच भेटू, येताना लाल पेन घेऊन या.