वही कोणाची बुडवली?
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)

 

माउली, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पहिल्यानं दिंडीत सगळी शेतकरीच माणसं. आता टाळकऱ्यांत कुणी अंबरनाथच्या कारखान्यात जाणारा आहे, कुणाचं उल्हासनगरला कापडाचं दुकान आहे, कुणी बदलापूरहून पहाटेच्या लोकलनं मुंबई गाठतो. त्यातली तरणी पोरं विचारतात, "बुवा, धंदा सोडून कायमचं कीर्तनात यावं म्हणतो. तुकोबांनी नाही का वह्या बुडवल्या?" उत्तर सगळ्यांसमोर देतो, कारण त्या पोराच्या मागं त्याचं घर उभं असतं.

तुकोबांचं घर देहूचं महाजनांचं. दुकान होतं, सावकारी होती. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. गुरं मेली, धंदा बसला, पहिली बायको रखुमाई अन्नावाचून गेली, पोरगा संतू गेला. काही लोक म्हणतात, दिवाळं निघालं म्हणून तुकोबा देवाकडं वळले. पण नीट बघा. धंदा बसला तरी येणं शिल्लक होतं. लोकांनी लिहून दिलेली खतं घरात होती. पाऊस पडला, शेतं पिकली, की वसुलीला माणूस पाठवायचा आणि दुकान पुन्हा उभं करायचं. तो रस्ता मोकळा होता. तुकोबांनी तो घेतला नाही.

आता पुढची गोष्ट कीर्तनात घाईत सुटते. चरित्रात असं सांगतात की खतं इंद्रायणीत टाकायच्या आधी धाकट्या भावाशी, कान्होबांशी वाटणी झाली. निम्मी खतं कान्होबांना दिली. तुकोबांनी बुडवली ती आपल्या वाट्याची निम्मी. भावाचा संसार त्यांनी डोहात लोटला नाही. आणि बुडालं काय? दुसऱ्यानं देणं लागतं तो कागद बुडाला. दुष्काळानं मोडलेल्या कुळाच्या मानेवरचं ओझं उतरलं. तुकोबांनी दुसऱ्याकडून यायचं ते सोडलं, आपण दुसऱ्याला द्यायचं ते कुठं सोडलं?

म्हणून पोरांनो, आधी आपल्या वह्या उघडा. दुकानावर बँकेचं कर्ज आहे, व्यापाऱ्याची उधारी आहे, कामावरच्या पोराचा पगार राहिलाय, आणि तुम्ही गळ्यात वीणा घालून निघालात, तर बुडालेली वही दुसऱ्याची. त्याला वैराग्य म्हणता येत नाही. आधी देणं फेडा.

दुसरं, सोडून कुठं जाणार ते बघा. कीर्तनाचं मोल घेऊ नये असं तुकोबांनी बजावलंय. किराण्याचं दुकान बंद केलं आणि तारखा नि पाकिटं मोजायला लागलो, तर माउली, दुकान सुटलं नाही, फक्त माल बदलला. घर चालायला भाकरी लागते हे मलाही कळतं. म्हणून तर पोटाला शेतीचा तुकडा नाहीतर नोकरीचा आधार ठेवून कीर्तन करणारे आपल्यात पुष्कळ झाले. त्यांना कुणाच्या तोंडाकडं बघून बोलावं लागलं नाही.

सोडणारे थोर झाले, ते खरंच. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या दरबारी सरदार. ते सोडून आळंदीला राहिले. आज माउलींच्या रथापुढं 27 दिंड्या ओळीनं चालतात, चोपदारानं चोप उंचावला की गप्प होतात, ही शिस्त त्यांनी घालून दिलेली. सरदारकी सोडली, पण सरदारकीत शिकलेलं देवाच्या कामी लावलं. आणि आज त्यांची जागा कुठं आहे? माउलींच्या महाद्वारात, पायरीशी. ज्याला खरोखर सोडायचं आहे त्यानं पायरीची तयारी ठेवावी. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं चार वर्षं अभ्यास करावा लागतो. चार कीर्तनं पाठ केली म्हणजे बुवा होत नाही.

आणि न सोडणारेही तेवढेच थोर. सावता महाराजांनी अरणचा मळा सोडला नाही, गोरोबाकाकांनी तेरला चाक फिरवलं. आपल्याकडं आषाढात आवणी पडते, म्हणून आपले कितीतरी लोक कार्तिकी धरतात. चिखलात वाकून रोप लावणाऱ्याला विठोबानं कमी लेखलं असं कुणी ऐकलंय का?

तेव्हा ज्याला जायचं त्यानं देणं फेडून, घरच्यांना विचारून, मोलाची आशा सोडून जावं. आम्ही वेशीपर्यंत टाळ वाजवत पोचवू. ज्याला जमत नाही त्यानं तराजू खरा धरावा, एकादशी करावी, वारी चुकवू नये. दिंडीत दोघांची जागा एकाच ओळीत आहे.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!