कुस्ती आणि तिचा डांगोरा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. साठी उलटलेल्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि उभा जन्म शाळेंत खडूची पूड खाल्लेल्या मास्तरानें अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवरच्या कुस्तीविषयीं बोलावें, ही गोष्ट विचित्र खरी. परंतु माझा मुलगा शाळकरी वयापासून त्या कुस्तीचा शौकीन. आतां नातूहि त्याच वाटेनें चालला आहे. घरांत जें रोज कानीं पडतें त्याचा विचार केल्यावांचून मास्तराचें मन स्वस्थ बसत नाहीं. या शौकिनांची एक जुनी तक्रार आहे. ती समजून घेतां घेतां मला माझाच एक अपराध आठवला. तो मी शेवटीं सांगणार आहें.

प्रथम या कुस्तीची ओळख करून देतों. डब्ल्यू. डब्ल्यू. ई. या नांवाची अमेरिकन कंपनी हे खेळ करते. 'रॉ' हा तिचा साप्ताहिक कार्यक्रम 11 जानेवारी 1993 रोजीं सुरू झाला आणि अद्यापहि चालू आहे. आपल्या मातींतल्या कुस्तीप्रमाणें येथें हारजीत मैदानांत ठरत नाहीं. ती आधींच ठरलेली असते. मग त्यांत पाहण्यासारखें काय, असें मीं एकदां मुलाला विचारलें. तो म्हणाला, "बाबा, नाटकांत शेवटीं कोण मरणार हें तुम्हांला ठाऊक असतें, तरी तुम्ही डोळे पुसतांच ना?" या उत्तरानंतर माझा आक्षेप संपला. निकाल ठरलेला असला तरी उंचावरून पाठीवर पडणें खरेंच असतें. घाम खरा असतो आणि मोडलेलें हाडहि खरें असतें. आणि हें सारें प्रेक्षकाला समजावून देण्यासाठीं रिंगणाच्या कडेला समालोचक बसलेले असतात. मल्ल कोण, त्याचें वैर कोणाशीं, आज त्याच्या पणाला काय लागलें आहे, हें ते सांगतात. आमच्याकडे कीर्तनकाराचें जें काम, तेंच तेथें समालोचकाचें.

आतां तक्रारीकडे वळतों. 2006 सालीं ट्विटर नांवाचें समाजमाध्यम निघालें. आज त्याचें नांव एक्स असें झालें आहे. त्यावर कोणीहि चार ओळी लिहाव्या, आणि एकाच विषयावर लिहिणारांनीं एकच खूणशब्द वापरावा, अशी पद्धति पडली; त्या खूणशब्दाला हॅशटॅग म्हणतात. एखाद्या घटकेला ज्या विषयावर फार लोक लिहितात त्याचें नांव यादींत वर चढतें. 2011 सालाच्या सुमारास या कंपनीनें ही गोष्ट मोठ्या हौसेनें उचलली. मल्लाच्या नांवाखालीं त्याचा ट्विटरवरचा पत्ता झळकूं लागला, पडद्याच्या कोपऱ्यांत खूणशब्द दिसूं लागले. समालोचक ऐन कुस्तींत आनंदानें सांगूं लागले कीं, अमुक मल्लाचें नांव या क्षणीं साऱ्या जगांत गाजत आहे. 23 जुलै 1012 चा नव्हे, हें मुद्दाम स्पष्ट सांगतों, तर 23 जुलै 2012 चा हजारावा प्रयोग झाला, आणि तेव्हांपासून बरींच वर्षें 'रॉ' तीन तासांचा होत असे. त्याच महिन्यांत कंपनीनें टाऊट नांवाच्या एका नव्या माध्यमांत पन्नास लक्ष डॉलर गुंतविले. प्रेक्षकांनीं आपलीं पंधरा सेकंदांचीं बोलतीं चित्रें पाठवावीं आणि तीं कार्यक्रमांत दाखवावीं, असा तो बेत होता. तो फार दिवस टिकला नाहीं.

कंपनीची बाजूहि न्यायानें सांगितली पाहिजे. 1999 सालीं तिचे भाग बाजारांत विकले जाऊं लागले. भागधारकांस आकडे लागतात, जाहिरातदारांसहि आकडेच लागतात. किती लोक आपल्याविषयीं बोलत आहेत, याचा हिशेब आयता हातीं येत असतां कोणता व्यापारी तो झांकून ठेवील? यांत मला कांहीं पाप दिसत नाहीं. शाळा तपासणीस साहेब यावयाचे असले म्हणजे आम्ही मास्तर लोकहि पटावरचे आकडे मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहीत असूं.

मग शौकिनांचें म्हणणें तरी काय? माझ्या कानीं आलें त्यावरून त्यांत तीन मुद्दे आहेत. पहिला मुद्दा लक्षाचा. दोन मल्ल जिवापाड झटत असतां समालोचकानें खालीं मान घालून खूणशब्द वाचावा, यानें त्या मल्लांचा अपमान होतो. ज्याच्या डोळ्यांनीं आम्ही पाहायचें त्यानेंच तोंड फिरविलें, तर आम्ही कोणाच्या डोळ्यांनीं पाहावें? दुसरा मुद्दा खरेपणाचा. आधीं लोकांस अमुक शब्द लिहा म्हणून विनवावयाचें, आणि लोकांनीं तो लिहिला म्हणजे पाहा, लोक आपण होऊन किती बोलत आहेत, म्हणून मिरवावयाचें! मुलाला उत्तर कानांत सांगून मग तपासणीस साहेबांपुढें त्याची हुषारी दाखविण्यापैकींच हा प्रकार. तिसरा मुद्दा अतिरेकाचा. 24 फेब्रुवारी 2014 रोजीं कंपनीनें आपली स्वतःची चित्रवाहिनी महाजालावर सुरू केली. तिचें मासिक मोल तेव्हां नऊ डॉलर नव्याण्णव सेंट होतें. हा आकडा समालोचकांनीं आणि मल्लांनीं इतक्या वेळां उच्चारला कीं, प्रेक्षागृहांतले लोकच थट्टेनें तो एका सुरांत ओरडूं लागले. जाहिरातीची अशी पाठांतराची टवाळी झाली म्हणजे ती जाहिरात कोणाच्या उपयोगाची, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

परंतु यावरून हे शौकीन नव्या साधनांचे वैरी आहेत असें मात्र कोणी समजूं नये. 19 ऑक्टोबर 2004 रोजीं, म्हणजे ट्विटर निघण्यापूर्वींच, मिल्वॉकी शहरीं या कंपनीनें एक मैदान भरविलें. त्यांत ट्रिपल एच या विजेत्यापुढें कोणी उभें राहावें हें प्रेक्षकांनीं महाजालावर मतें देऊन ठरविलें. त्यांनीं शॉन मायकेल्सला निवडलें. तें लोकांस आवडलें, कारण मताला वजन होतें. पुढें 2011 सालीं झॅक रायडर नांवाच्या मल्लानें, कंपनी आपल्याला पुढें आणीत नाहीं असें पाहून, स्वतःच छोटा कार्यक्रम तयार केला व महाजालावर दर आठवड्यास दाखविला. लोकांनीं त्याला उचलून धरलें. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें दुसऱ्यांच्या कुस्त्या चालल्या असतां प्रेक्षक त्याच्या नांवाचा घोष करीत होते. 18 डिसेंबर 2011 रोजीं त्याला युनायटेड स्टेट्सचा पट्टा मिळाला. महिन्याच्या आंत, 16 जानेवारी 2012 रोजीं, तो गेलाहि. ज्या वर्षीं पडद्यावर समाजमाध्यमांचा डांगोरा पिटला जात होता त्याच वर्षीं त्या माध्यमांतून खरोखर वर आलेल्या मल्लाची ही अवस्था! शौकिनांच्या मनांत हें शल्य राहिलें.

आणखी एक उदाहरण देतों. 23 फेब्रुवारी 2015 च्या 'रॉ'मध्यें, तीन तासांच्या त्या कार्यक्रमांत, स्त्रियांच्या जोडीच्या कुस्तीस सुमारें अर्धाच मिनिट मिळाला. त्या रात्रीं लोकांनीं, कोणी न सांगतां, स्त्रीमल्लांना संधि द्या अशा अर्थाचा खूणशब्द उचलला आणि तो यादींत वर चढला. कंपनीचे तत्कालीन प्रमुख व्हिन्स मॅकमहन यांस त्याच माध्यमावर, आम्ही ऐकत आहों, असें उत्तर द्यावें लागलें. पुढें 3 एप्रिल 2016 रोजीं स्त्रियांचा जुना पट्टा रद्द होऊन पुरुषांच्या बरोबरीचा नवा पट्टा आला; आणि 7 एप्रिल 2019 रोजीं वर्षांतल्या सर्वांत मोठ्या मैदानाची शेवटची, मानाची कुस्ती प्रथमच स्त्रियांची झाली. एका खूणशब्दानें हें सारें घडलें असें मी म्हणत नाहीं. त्या स्त्रियांचे श्रम त्यामागें होते. पण लोकांचें मन त्या रात्रीं स्पष्ट दिसलें.

2024 सालींहि असेंच घडलें. कोडी ऱ्होड्स या मल्लानें 27 जानेवारीस मानाच्या कुस्तीचा हक्क जिंकला होता. आठवडा लोटला नाहीं तोंच त्याची जागा चित्रपटांत गाजलेल्या रॉक या जुन्या मल्लाला मिळणार असें चिन्ह दिसलें. शौकिनांनीं समाजमाध्यमांवर एकच गिल्ला केला, आणि 8 फेब्रुवारीस ती जागा कोडीलाच मिळाल्याचें जाहीर झालें. 7 एप्रिल रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यानें रोमन रेन्सला हरविलें, तेव्हां माझा मुलगा व नातू दोघेहि घरांत नाचले. कोणत्याहि समालोचकानें त्यांना नाचा म्हणून सांगितलें नव्हतें.

श्रोतेहो, या सर्वांतून मला दिसलें तें एवढेंच. माध्यम एकच, शब्दहि एकच. पण मनांतून उठलेला शब्द वेगळा आणि वदवून घेतलेला शब्द वेगळा. आणि कुस्ती चालली असतां तिच्याविषयींच्या बोलण्याचा हिशेब वाचूं लागणें म्हणजे आरती चालली असतां ताटांतले पैसे मोजण्यासारखें आहे. पैसे मोजूं नयेत असें नाहीं. आरती संपूं द्यावी.

आतां माझा अपराध सांगतों. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं बांधविलेलें तें मैदान 1912 सालीं पुरें झालें. मधोमध लाल मातीचा हौदा आणि सभोंवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. कोठेंहि बसा, नजर हौद्यावरच जाते. त्या जिल्ह्यांतल्याच एका गांवीं मी शिक्षक होतों. यात्रेच्या कुस्त्यांत कर्ण्यावरून बोलण्याचें काम माझ्याकडे असे, कारण मास्तरांचा आवाज मोठा. वीस-बावीस वर्षांपूर्वीं एके वर्षीं एका गरीब घरच्या पोराची जोड चांगल्या नांवाजलेल्या पैलवानाशीं लागली. हलगी कडाडत होती, खडाखडी झाली, आणि इतक्यांत पंचांपैकीं एकानें देणगीदारांची यादी माझ्या हातीं दिली. मी मान खालीं घालून नांवें आणि रकमा वाचूं लागलों. अकरावें कीं बारावें नांव चाललें असतां मैदानांत प्रचंड आरोळी उठली. मान वर करून पाहतों तों तो मोठा पैलवान चीत पडलेला. पोरानें ढाक लावून कुस्ती मारली होती, आणि ती सांगणारा मीच ती पाहूं शकलों नव्हतों. शेजारच्याला विचारून मीं घाईघाईनें त्या पोराचें नांव पुकारलें, पण लोकांची आरोळी तोंवर ओसरली होती.

संध्याकाळीं त्या पोराचे वस्ताद मला भेटले. रागावले नाहींत. पटका सांवरीत एवढेंच म्हणाले, "गुरुजी, समद्यांची नावं घेतलीसा. ज्यानं घाम गाळला त्याचंच तेवढं ऱ्हायलं."

तें वाक्य मला अजून बोंचतें. देणगीदारांवांचून इनाम नाहीं आणि इनामावांचून मैदान नाहीं, हें मला कळतें. म्हणून दुसऱ्या वर्षापासून मीं एक नियम केला. यादी जोड लागण्यापूर्वीं वाचावयाची, नाहीं तर कुस्ती निकालीं निघाल्यावर. हलगी वाजूं लागली कीं डोळे हौद्यावर. देणगीदारांपैकीं एकहि रागावला नाहीं. उलट त्यांचींच नांवें लोक अधिक शांतपणें ऐकूं लागले.

अमेरिकेंतल्या त्या शौकिनांचें मागणें याहून निराळें नाहीं. जाहिरात करूं नका असें ते म्हणत नाहींत. आम्ही तुमच्या बाजूला बसलों आहों, आमच्याबरोबर पाहा, इतकेंच ते म्हणतात. आणि पाहण्यासारखें कांहीं घडलें म्हणजे त्याविषयीं बोला असें त्यांना सांगावें लागत नाहीं; ते बोलतातच. आपल्या गांवच्या मैदानांत कर्णा ज्यांच्या हातीं असेल त्यांनीं या म्हाताऱ्या मास्तराची चूक ध्यानांत ठेवावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.