कंदमुळे आणि घरचे कुक्कुटपालन
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यातील बहुतेक कुटुंबांचे मूळ कोकणातील शेतीत आहे. परसात दहा-वीस कोंबड्या नाहीत असे घर पूर्वी विरळाच. आज ती खुराडी ओस पडत आहेत आणि कारण विचारता एकच उत्तर मिळते, की खाद्य परवडत नाही. तक्रार खोटी नाही. कुक्कुटपालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असतो. त्यावरील एक उपाय आपल्याच मळ्यात आहे. परंतु अपुऱ्या माहितीने केल्यास तोच अपाय ठरतो, म्हणून हे चार शब्द.

महाशिवरात्रीच्या बाजारात ठसठशीत रताळी विकली जातात. बारीक व तुटकी मागे राहतात. काही वर्षांपूर्वी आम्ही अशी रताळी कच्चीच चिरून कोंबड्यांपुढे टाकली आणि दाणा जवळजवळ बंद केला. पंधरवड्यात अंडी निम्म्यावर आली. कोंबड्यांची पोटे भरत होती, पोषण होत नव्हते.

आमची चूक कोठे झाली, ते मागाहून उमगले. ताज्या रताळ्यात शेकडा 70 च्या सुमारास पाणीच असते. तीन-साडेतीन किलो वाळवावीत तेव्हा किलोभर सुके खाद्य मिळते. मक्यात शेकडा 8-9 भाग प्रथिने असतात, सुक्या रताळ्यात सुमारे निम्मीच. अंड्यावरील कोंबडीस तर शेकडा 16-17 भाग लागतात. शिवाय कच्च्या रताळ्यातील एक द्रव्य प्रथिनांचे पचन रोखते; शिजविल्याने त्याचा जोर नाहीसा होतो.

तेव्हा रीत अशी ठेवावी. रताळी धुऊन, उकडून, पातळ काप करून कडक उन्हात वाळवावीत व भरडावीत. मक्याचा थोडाच भाग कमी करून हा भरडा घालावा. एकूण खाद्याच्या पाचव्या हिश्शापुढे जाऊ नये. जोडीला भुईमुगाची पेंड, मासळीची कुटी व शिंपल्यांचा चुरा हवाच. बुरशी धरलेले वा भुंग्याने पोखरलेले कंद बेलाशक फेकून द्यावेत. वेलाचा कोवळा पाला चिरून घालावा. त्यात प्रथिने कंदाहून पुष्कळ अधिक असतात.

साबुदाण्याचा टॅपिओका लावणाऱ्यांनी विशेष जपावे. त्याच्या कच्च्या कंदात सायनाइड उत्पन्न करणारे द्रव्य असते. सोलून, काप करून, पूर्ण वाळविल्याखेरीज तो जनावरापुढे ठेवू नये. डुकरास मात्र कंद कोंबडीपेक्षा अधिक मानवतात. ईशान्य भारतात रताळ्याचे वेल व अळू शिजवून त्याला घालण्याची जुनी रीत आहे. तेथेही प्रथिनांची जोड सुटत नाही.

भगिनींनो, अंड्यांचा पैसा घरोघर आपल्याच हाती येत असे. त्यातून मुलांच्या वह्या-पुस्तकांची तरतूद झालेली आम्ही पाहिली आहे. तो पैसा पुन्हा आपल्या हाती यावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.